थडग्याची मुदत

आजोबांच्या थडग्याची तीस वर्षांची मुदत संपली, ती वाढवायची की जागा सोडायची, असं विचारणारं पत्र हानोव्हरच्या दफनभूमीकडून आलं, तेव्हा आल्मुटने क्षणभरही विचार केला नाही. महायुद्धात पोलंडमधली गावंच्या गावं गोळ्या घालून संपवणारा हा माणूस. त्याचं आडनाव तिने लग्नात टाकलंच होतं, आता ते दगडावरूनही जाणार होतं.

कचेरीत सही करून परतताना ती सहज तिकडे वळली. थडग्यावर ताजी फुलं होती, आणि एक म्हातारी हिरव्या झारीने शेजारच्या रोपांना पाणी घालत होती.

आल्मुटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे याचे भक्त अजून शिल्लक आहेत तर.

“आजी, हा कोण होता ते माहीत आहे का? खुनी होता. माझा सख्खा आजोबा, म्हणून सांगते.”

“माहीत आहे,” म्हातारी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाली. “मी पोलंडहून येते. दर वर्षी, याच दिवशी.”

“मग कसले लाड चाललेत त्याचे? पुढच्या आठवड्यात हा दगड उखडणार आहेत. मीच सही करून आले.”

म्हातारीच्या हातातली झारी कलंडली. पाणी दोघींच्या बुटांवरून वाहत गेलं.




“माझ्या आईला कुठे पुरलं, ते याने मरेपर्यंत सांगितलं नाही, पोरी. आता मी फुलं कुठे ठेवू?”