टॉवेलचा पदर

आईची नक्कल करूनच विशाल मोबाइलवर गाजला होता. डोक्यावर टॉवेलचा पदर घ्यायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि ओरडायचं, "काहून रे पोट्ट्या, घरी कधी येऊन राहिला?" लोक हसून हसून लोळायचे.

दोन दिवाळ्या चुकवून तो मुंबईहून रायपूरला, बूढापाऱ्यातल्या घरी आला, तोवर आईला माणसं ओळखू येईनाशी झाली होती.

"आओ भैया, बैठो," ती म्हणाली. परक्यांशी ती हिंदीतच बोलायची. त्याच्याशी मात्र आजवर कधी हिंदीत बोलली नव्हती.

तिच्या हातातल्या मोबाइलवर त्याचाच व्हिडिओ चालू होता. "मेरा लडका है," तिने कौतुकानं दाखवलं.

"आई, मीच विशाल!"

ती पुन्हा मोबाइलमधल्या विशालकडे बघू लागली. शेवटी त्यानं दोरीवरचा टॉवेल ओढून डोक्यावर घेतला, कमरेवर हात ठेवला आणि तेच वाक्य म्हटलं.

आई खळखळून हसली. डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "एकदम मेरे विशाल के जैसा करते हो, भैया. बस, एक जगह गडबड हो गई. मेरा विशाल घर नहीं आता."