न बिघडणारी लाइन

पहिल्या लाइनवरचं, बाटल्यांना झाकणं बसवायचं बंद पडलेलं मशीन धडधडत सुरू झालं, तशा टाळ्या पडल्या. फिटर हात पुसत बाजूला झाला. कालपासून तो घरी गेला नव्हता. मॅनेजरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, तुझ्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही म्हणाले. त्याला फक्त बसायचं होतं. तो एका उपड्या खोक्यावर टेकला.

मॅनेजर तसेच दुसऱ्या लाइनवर गेले. ती लाइन फिटरची वहिनी सांभाळायची. तिथलं मशीन तेच, तितकंच जुनं. पण तिचा ऑइलमन रोज सकाळी ते थांबवून ग्रीस भरायचा, पट्टे चाचपायचा, मगच चालू करायचा. तेवढा वेळ काम अडतं म्हणून ती बोलणी खायची. मशीन मात्र कधी बंद पडलं नव्हतं.

मॅनेजरांनी सांगितलं की तुमच्याकडे सगळं सुरळीत आहे, तेव्हा ऑइलमन उद्यापासून फिटरच्या हाताखाली जाईल. तिकडे माणूस कमी पडतोय.

"साहेब, तो आहे म्हणून सुरळीत आहे."

मॅनेजरांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही घरी गेलेले नव्हते.

"मला कळत नाही का, बाई? पण बंद मशीनसाठी वरून फोनवर फोन येतात. चालत्या मशीनची चौकशी कोण करतं?"

ऑइलमनने जाताना विचारलं, आता इथलं कोण बघणार. बघू, ती म्हणाली.

काही दिवस ती स्वतःच लवकर येऊन ग्रीस भरत राहिली. मग पॅकिंगची एक बाई आजारी पडली, तिच्या जागी हिलाच उभं राहावं लागलं. सकाळचं ग्रीस दुपारवर गेलं, दुपारचं उद्यावर. मशीनचा आवाज बदलला. तो तिला घरी स्वयंपाक करतानाही ऐकू यायचा.

एका दुपारी बेअरिंग जाम झालं. पट्टा तुटला, झाकणं जमिनीवर सांडली आणि लाइन गप्प झाली. हत्यारांची पेटी घेऊन दीर आला. त्याच्यामागे ऑइलमन, मान खाली घालून. दिराने बेअरिंगला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं.

मग तिने आपलं स्टूल दिराकडे सरकवलं.

"या, भाऊजी," ती म्हणाली. "आता येणं-जाणं राहील."