कवचापुरतं ऊन

मंदाकिनीबाईंनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून आधी त्यांना कासव दिसलं, मग ते छातीशी धरून उभे असलेले तळमजल्यावरचे गोपाळराव.

"गच्चीची किल्ली हवी होती," गोपाळराव म्हणाले.

"कशाला?"

"याला ऊन द्यायचंय. कवच मऊ पडलंय."

त्यांनी कासव पुढे केलं. नात स्वराली शिकायला बंगळूरला गेली, तेव्हा या कासवाला, गोटूला, त्यांच्याकडे सोपवून गेली होती. भाजीच्या ताटलीएवढं, गव्हाळ रंगाचं, परदेशी जातीचं. वनखात्याकडे रीतसर नोंदवलेलं. गोपाळरावांनी कवचाच्या कडेवर अंगठा दाबला. ओल्या पुठ्ठ्यासारखी कड आत गेली. गोटूनं पाय ओढून घेतले.

"दाबू नका. दुखत असेल त्याला."

"डॉक्टर म्हणाले, नुसती कॅल्शियमची पावडर घालून उपयोग नाही. ऊन नसेल तर ती अंगी लागत नाही. काचेतून आलेलंही चालत नाही, थेट पाठीवर पडायला हवं. शेजारची नवी इमारत उभी राहिल्यापासून माझ्याकडे कवडसासुद्धा येत नाही. पार्किंगमध्ये कुत्री आहेत. बागेत प्राण्यांना मनाई."

"खायला काय घालता?"

"आता शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं. आधी दहीभात द्यायचो. पोळी."

"वा. जेवणानंतर सुपारी नाही दिलीत?"

गोपाळरावांनी टोमणा गिळला. पूर्वी गिळला नसता. सोसायटीचे सचिव होते तोवर त्यांनी कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं. आता सचिव मंदाकिनीबाई होत्या, आणि गच्चीची किल्ली त्यांच्या भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होती. फटीतून दिसत होती.

"गच्ची रहिवाशांसाठी बंद आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "कोणत्याही कारणासाठी किल्ली मिळणार नाही. ठराव तुमचाच आहे."

"तेव्हा गच्ची गळत होती. नंतर दुरुस्ती झाली."

"माझी आई किल्ली मागायला आली, तेव्हाही झालेली होती."

जिन्यातून कोणी तरी खाली गेलं. मंदाकिनीबाईंनी पावलं विरू दिली.

"हाडं ठिसूळ झाली होती तिची. डॉक्टरांनी सकाळचं ऊन घ्यायला सांगितलं होतं. तासभर बसून खाली येईन म्हणाली. तुम्ही काय उत्तर दिलंत, आठवतंय?"

गोपाळरावांनी कासव पुन्हा छातीशी घेतलं.

"एकाला दिली की सगळे मागतील, म्हणालात. आणि वर, आजी, या वयात ऊन घेऊन काय करायचंय."

"मंदाकिनीबाई, मी तेव्हा..."

"नको. मला ऐकायचं नाहीये." त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्याच हिवाळ्यात ती बाथरूममध्ये पडली. खुबा मोडला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तेराव्याला जेवायला होतात तुम्ही."

दार बंद झालं.

गोपाळराव तिथेच उभे राहिले. स्वराली दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची. गेले काही रविवार ते तिला गोटूचं फक्त तोंड दाखवत होते. आजोबा, कॅमेरा नीट धरा ना, असं ती म्हणायची, आणि कवच दिसू नये म्हणून ते फोन गोटूच्या तोंडाशी आणखी सरकवायचे. त्यांनी बेल वाजवायला बोट उचललं, खाली घेतलं. पुन्हा उचललं.

त्याआधीच साखळी निघाल्याचा आवाज आला. दार पूर्ण उघडलं. मंदाकिनीबाईंच्या हातात किल्ली होती. गोपाळरावांनी हात पुढे केला. मंदाकिनीबाईंनी किल्ली दिली नाही. ती कमरेला खोचली आणि दोन्ही हातांनी कासव काढून घेतलं.

"कासव काही रहिवासी नाही," त्या म्हणाल्या. "ते वर जाईल. तुम्ही नाही."

त्या जिना चढू लागल्या. कठड्याला धरत, मजल्यामजल्यावर दम घेत गोपाळराव मागून गेले. ते पोचले तेव्हा गच्चीचं दार पलीकडून कडी घालून बंद झालं होतं. जिन्यात अंधार होता. त्यांनी दाराला कान लावला.

"सावलीही लागेल त्याला," ते मोठ्यानं म्हणाले. "तापला की सरकता आलं पाहिजे. नाही तर जीव जाईल."

पलीकडे काही तरी जड ओढल्याचा आवाज झाला.

"आणि पाणी. उथळ ताटलीत."

"ठेवलंय. आरडाओरडा करू नका."

मग फरशीवर कवच घासू लागलं. आधी थांबत थांबत, मग सलग. नंतर तेही थांबलं. गोपाळराव वाट बघत राहिले. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "काय करतोय?"



"पडलाय. मान बाहेर काढून. चारी पाय पसरलेत."

गोपाळरावांनी डोळे मिटून घेतले.

"उद्यापासून सकाळी आणून माझ्या दारात ठेवायचा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "बेल वाजवायची आणि खाली निघून जायचं. मला तुमचं तोंड बघायचं नाही."

"कवच कडक व्हायला महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले."

"लागू देत."

 गोपाळराव सावकाश पायरीवर टेकले. गुडघे दुखत होते. पाठ भिंतीला लागली, तशी गार भिंत सदऱ्यातून अंगाला लागली आणि त्यांना खोकला आला.

"गेला नाहीत अजून?"

"थांबतो इथेच."

"तिथे ऊन येत नाही," दारापलीकडून मंदाकिनीबाई म्हणाल्या.