बुवांचा कान

मृण्मयीने वायर उपटली, तिच्या टोकावर फुंकर मारली आणि ती पुन्हा सिंथेसायझरमध्ये खुपसली. दुसरं टोक काडेपेटीएवढ्या संगणकात होतं आणि त्या संगणकात तिच्या गुरूंचा, सोवनीबुवांचा कान होता. बुवा गेल्यावर प्रत्येक शिष्याला असा एकेक मिळाला होता. सिंथेसायझरने सूर कळवायचे आणि संगणकाने बुवांच्या आवाजात उत्तर द्यायचं, एवढंच काम. पण सकाळपासून ती पूरिया वाजवत होती आणि बुवा आपले ढिम्म.

"शेजारणीची गेलेली सासू आमटीतल्या मिठावरूनसुद्धा बोलते," ती करवादली, "आणि आमचे बुवा गेले तरी भाव खातायत!"

"वायर बदलून बघू का?" तिचा नवरा मकरंद म्हणाला.

"बदलली रे! सगळं बदलून झालं!"

तिने पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. काही नाही. मग मात्र तिचं डोकं फिरलं. पूरियात जो मुळी चालतच नाही, तो पंचम तिने मुद्दाम दाबून धरला.

"थांब!" बुवा कडाडले. "हा पंचम कुठून आणलास? पुन्हा वाजव."

मकरंद हसायला लागला. "म्हणजे जोडणी ठीक आहे की! मग सकाळपासून गप्प का होते?"

मृण्मयीची बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली. बुवांच्या हयातीत त्यांनी तिला एकदाही न अडवता शेवटपर्यंत जाऊ दिलं नव्हतं.