दहादा म्हणवलेला शब्द

यमुनाबाईंनी लेकाच्या ऑफिसातून घरी आलेल्या साहेबांचा चहा निवावा म्हणून बशीत ओतून दिला, तसा त्यांचा लेक हेमंत ओशाळून हसला. “सॉरी सर. माय मदर इज अनएज्युकेटेड.”

चटके सोसत लोकांचे कपडे इस्त्री करताना त्यांनीच त्याचं पाठांतर घेतलं होतं. स्वतःला वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारच्या मास्तरांकडून रोज शब्द ऐकून यायच्या. हॅपी, अनहॅपी. पॉसिबल, इम्पॉसिबल. पोरगं चुकलं की तोच शब्द अर्थासकट दहादा म्हणायला लावायच्या.

त्यांनी बशी उचलली आणि चहा परत कपात ओतला.

“बरोबर बोललास रे. अनएज्युकेटेड, म्हणजे अशिक्षित. चौथीत हा शब्द तुझ्या जिभेवर बसतच नव्हता. दहादा म्हणवून घेतला, तेव्हा कुठे बसला.”