हात सैल सोडायचा नाही

"लढाऊ, मालवाहू की हेलिकॉप्टर?" शिडीवर पाय ठेवता ठेवता परीक्षकसाहेबांनी विचारलं.

"लढाऊ, सर," चिमणी म्हणाली.

"वर बघू," एवढंच बोलून ते मागच्या सीटवर चढले. चिमणी पुढच्या सीटवर बसून पट्टे आवळू लागली. तिच्या तळव्यांना घाम फुटला होता, पण हातमोज्यांमुळे तो कुणाला दिसणार नव्हता.

आता खाली उतरेपर्यंत साहेब बोलणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वैमानिकांच्या या शाळेत त्यांना सगळे मौनीबाबा म्हणत. विमानाने जमीन सोडली की हा माणूस तोंडात मिठाची गुळणी धरायचा. तुम्ही सोनं करा नाहीतर माती करा, मागून हूं नाही की चूं नाही. निकाल खाली उतरल्यावर, शिडीपाशी, एका शब्दात. त्या एका शब्दावर पुढचं सगळं आयुष्य ठरायचं: कुठलं प्रशिक्षण, कुठलं विमान, कुठलं आभाळ.

लढाऊ विमानांच्या प्रशिक्षणात एकच जागा उरली होती. त्या जागेवर दोघांचा डोळा होता, चिमणीचा आणि लंबूचा. लंबूची परीक्षा सकाळीच झाली. तो तोंड पाडून परत आला आणि म्हणाला, "मालवाहू मिळालं. हात सैल सोडला गं मी."

म्हणजे काय, ते तिला सांगावं लागलं नाही. मौनीबाबांची ती खोड अख्ख्या शाळेला माहीत होती. विमान वळवायच्या, दोन्ही सीटपुढच्या स्टिक एकमेकींना जोडलेल्या असतात. मागची हलली की पुढचीही हलते. परीक्षेत साहेब मध्येच मागून हिसका देत. गडबडून ज्याने हात सैल सोडला, तो लढाऊमधून बाद. खरंच विमान हातात घ्यायचं असेल तर परीक्षक स्पष्ट म्हणतो, "माझ्याकडे." तसं म्हटलं नाही, तर विमान तुमचं.

दादाला हे पटत नसे. तो हेलिकॉप्टर चालवायचा, पुरात नि बर्फात अडकलेली माणसं उचलून आणायचा. चिमणीनेही तिकडेच यावं, असं त्याच्या फार मनात होतं. कालच फोनवर दोघांची जुंपली होती.

"शंका आली तर तोंड उघडून विचारावं, चिमणे," तो म्हणाला होता. "मागे माणूस बसलेला असतो."

"विचारलं की संपलं, दादा. विचारणाऱ्याला लढाऊ देत नाहीत."

त्यावर आईला औषध द्यायचंय असं सांगून त्याने फोन ठेवला. चिमणीला वाईट वाटलं. पण लहानपणापासून तिला एकच वेड होतं, आणि भावाचं मन राखायला ते सोडून देण्याइतकी ती शहाणी नव्हती.

विमान उडालं. चढण सरळ झाली, वळणं नेटकी झाली. मागे नेहमीची शांतता. चिमणीने पहिली गिरकी घेतली. विमान नाक वर करून उलटं झालं आणि खाली येऊ लागलं, तसं अंगावर कुणी पोतं टाकावं तसा भार आला. गिरकी पुरी होते न होते तोच स्टिकला हिसका बसला. डावीकडे.

आले म्हातारबा, तिने मनात म्हटलं, आणि मूठ घट्ट केली.

पुन्हा हिसका. पुन्हा डावीकडे, धावपट्टीच्या बाजूला. या खेपेला जोर जास्त होता, पण त्यात काही ताल नव्हता. चिमणीने विमान हूं की चूं न करता जागेवर आणलं. कानातल्या फोनमध्ये घसा खाकरल्यासारखा आवाज झाला. तिचा अंगठा बोलायच्या बटणावर गेला. 'सर, ठीक आहात ना?' एवढंच तर विचारायचं होतं. दादाने विचारलं असतं. लंबूनेही विचारलं असतं, आणि लंबू आता मालवाहूत चालला होता.

तिने अंगठा मागे घेतला.

मग मात्र तिने कसर ठेवली नाही. दुसरी गिरकी पहिलीपेक्षा आवळून घेतली, तिसरी त्याहून. दर वेळी भार वाढत होता, तिच्याच डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि दर वेळी स्टिकची ओढ कमी कमी होत होती. म्हातारा हरला, असं वाटून तिला आतून उकळ्या फुटत होत्या. उतरतानाही डावीकडे बारीकशी ओढ होतीच. शेवटपर्यंत पाठ सोडत नाही हा माणूस. तिने ती दाबून धरली आणि चाकं धावपट्टीला अशी टेकवली की कप भरून चहा ठेवला असता तरी सांडला नसता.

इंजिन बंद झालं. उतरताना परीक्षकाकडे बघायचं नाही, शिडीपाशी ताठ उभं राहून निकालाची वाट पाहायची, असा शाळेचा रिवाज. चिमणीने तो पाळला. ऊर धपापत होता आणि हसू आवरता आवरत नव्हतं. आज रात्री दादाला सांगायचं, विचारलं नाही म्हणूनच मिळालं.

मेकॅनिककाका साहेबांचे पट्टे सोडवायला वर गेले. जरा वेळ काहीच हालचाल झाली नाही. मग त्यांनी साहेबांच्या चेहऱ्यावरची काळी काच वर केली, दोनदा हाक मारली, आणि वळून हँगरकडे डॉक्टरसाठी ओरडले.

चिमणी शिडी चढून वर गेली. साहेबांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. डोळे उघडे होते आणि तिच्याकडेच पाहत होते. त्यांचा डावा हात अजून स्टिक ओढत होता. बाकी कुठलाच अवयव हलत नव्हता.