टिटवीपुरती जागा

पहिला फटका पाठीवर बसला तेव्हा सुरभी वाकून कापसाच्या पराटीची धसकटं वेचत होती. दुसरा मनगटावर बसला आणि आत हाड कडकन वाजलं. वळून पाहते तर बाप! हातात बैल हाकायची तुतारीची काठी, ओठांवर थुंकी, आणि वखर जुंपलेली बैलजोडी तशीच भर वावरात उभी सोडलेली.

"कोन हाये तुहा बाप?" ओमप्रकाश ओरडला. "सांग! मी, का तो वरचा?"

सकाळी हिंगणीच्या पानठेल्यावर नत्थूजीने त्याला डिवचलं होतं. तुही पोरगी रविवारी शालूबाईच्या घरी ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेत बसते म्हने, अन् तिथं स्वर्गातल्या बापाले हाका मारते म्हने. बाप जिता असताना दुसरा बाप! सारा ठेला खो खो हसला. देवाधर्माचं ओमप्रकाशला तसं काही सोयरसुतक नव्हतं. पण आपली पोर दुसऱ्या कोणाला बाप म्हणते, हे त्याच्या जिव्हारी लागलं. वखर हाकता हाकता तो ते गिळत राहिला, आणि मग गिळवेना.

आणि गंमत बघा, तिने तो शब्द एकदाही तोंडातून काढला नव्हता! 'हे आमच्या स्वर्गातल्या बापा' असं सगळे एका सुरात म्हणू लागले की सुरभीची दातखीळ बसायची. बाप म्हटलं की तिला आईचं फुटलेलं कपाळ दिसायचं. "देव बाप असन त मले नको," असं तिने शालूबाईला तोंडावर सांगून टाकलं होतं.

शालूबाई रागावली नाही. म्हणाली, "तुहा बाप नको आठवू, माय. देवानं काय काय केलं ते पाह्य. वावर पाह्य, पाखरं पाह्य. ज्यानं हे घडवलं त्याचं मन कसं असन, ते त्याच्यातूनच ओळखू येते."

सुरभीने इमानाने पाहिलं. वांग्याचं जांभळं फूल पाहिलं, वासराला चाटणारी गाय पाहिली. पण बेडूक गिळणारा सापही पाहिला, आणि गारांनी झोडपलेला संत्र्याचा बगीचाही. यात कुठली आलीय माया? तिला काही ती सापडली नाही.

"बोल नं वं! तोंड शिवलं काय?"

तिसरा फटका खांद्यावर आला तशी ती ढेकळांत कोसळली. चौथा डोक्यावर येणार होता. आज आपण मरतो, हे तिला स्वच्छ कळलं.

तुतारी जोराने मागे गेली आणि तिच्या टोकाची लोखंडी आर मागेच उभ्या बैलाच्या पुठ्ठ्यात घुसली. बैल उधळले. वखर माती उडवत त्यांच्यामागे फरफटत निघाला, आणि निघाला तो नेमका टिटवीच्या जागेकडे.

तिथे उघड्या मातीत टिटवीची अंडी होती. टिटवीने अंडी घातली की तेवढी जागा वखरायची नाही, हे ओमप्रकाशच्या घरात आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. कालच त्याने तिथे खुणेची तुराटी खोचली होती आणि वखर वळसा घालून नेला होता. आता टिटवी पंख फेंदारून बैलांसमोर उभी राहिली. एवढंसं पाखरू, पण हलायला तयार नाही!

ओमप्रकाश पोरीला टाकून धावला. बैल आवरायला वेळच नव्हता. खूर अंड्यांच्या दोन्ही अंगांनी धडधडत गेले, टिटवी उडाली, आणि त्याने वखराच्या आडवा स्वतःचा पाय घातला. दोन्ही हातांनी वखर वर उचलला. वखराची धारदार लोखंडी पास आधी त्याच्या नडगीत शिरली, मग अंड्यांवरून अधांतरी निघून गेली. बैल बांधापाशी जाऊन थांबले.

टिटवी किंचाळत त्याच्या डोक्यावर तुटून पडली. टाळूवर चोची मारू लागली. त्याने तिला हाकललंसुद्धा नाही. वाकून अंडी तेवढी बघितली. चारही धड होती. पायाचं रक्त चपलेतून मातीत उतरत होतं.

सुरभी पडल्या पडल्या सगळं पाहत होती. तिला रडू आलं, आणि रडण्याहून मोठा राग आला.

"बाबा, मी त्या अंड्याइतकीबी नवती का?"

"ते मुकं पाखरू हाये," तो धापा टाकत म्हणाला.

"मीबी मुकीच होती. तो शब्द म्या कधी म्हनला नाई. तुमच्यापायी म्हनता आला नाई!" मोडलेलं मनगट छातीशी धरून ती उठून बसली. "पन आता म्हनीन. तुमच्यासारख्या मानसातबी ज्यानं एवढी माया घालून ठेवली, त्याच्यापाशी किती असन!"

ओमप्रकाशचा चेहरा काळाठिक्कर पडला. लंगडत येऊन त्याने पडलेली तुतारी उचलली.

"पुन्हा त्या घरी गेली त जित्ती नाई ठेवत."

"नोका ठेवू! मारा! पन म्हनीनच!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

तुतारी तिच्या डोक्यावर उगारली गेली. तेवढ्यात टिटवी खाली उतरली. थोडं चालली, थांबली, मान वाकडी करून दोघांकडे पाहिलं आणि अंड्यांवर बसू लागली. ओमप्रकाशचा हात वरच राहिला. त्याच उगारल्या हाताने तो दोन पावलं मागे सरकला, पाय न वाजवता.

"हळू बोल," तो कुजबुजला. "पाखरू अंड्यावर बसून राह्यलं."